शेअर्ड फोल्डर नक्की कुठल्या यूजर अकाउंटने उघडतोय, ते कसं तपासायचं?

निळी_वायर (प्रश्न)

विंडोज सर्व्हर २०१९ आहे, नाव भांडार. डोमेन (सगळ्या मशीनची अकाउंट एका जागी ठेवणारी व्यवस्था) नाही, साधा वर्कग्रुप, म्हणजे प्रत्येक मशीनची अकाउंट वेगळी. त्यावर 'हिशोब' नावाचा शेअर. 'लेखापाल' या अकाउंटला चेंज परवानगी, 'वाचक' या ग्रुपला फक्त रीड. क्लायंट विंडोज ११ प्रो, नाव पीसी७, त्यावर 'ऑफिस' या लोकल अकाउंटने लॉगिन.

पीसी७ वरून \\भांडार\हिशोब उघडला की पासवर्ड न विचारता फोल्डर उघडतो. फाइली वाचता येतात, पण नवीन फाइल करायला गेलं की परवानगी नाही असा संदेश. म्हणजे लेखापाल सोडून भलत्याच अकाउंटने आत शिरतोय. प्रश्न असा की कुठल्या?

जे बघून झालंय ते: क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये भांडारची नोंदच नाही. 'नेट यूज' मध्ये ड्राइव्ह आणि पाथ दिसतो, यूजरचं नाव दिसत नाही. लॉगऑफ करून परत लॉगिन केलं तरी तेच. लेखापालच्या नावाने जोडायला गेलं तर एरर १२१९ येते.

याच मशीनवरून रात्री रोबोकॉपीचा (फाइली कॉपी करणारी कमांड) एक शेड्यूल्ड टास्कही याच शेअरवर जातो. तो कुठल्या अकाउंटने जातो तेही कळायला हवं. शिवाय एक लिनक्स मशीन आणि एक नॅस (नेटवर्कवरचा स्टोरेज बॉक्स) आहे. तिथे हेच कसं बघतात?

---

पोर्ट_४४५

आधी क्लायंटवर बघा. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना मूळ रोमन स्पेलिंग वापरा.)

पॉवरशेल 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि एवढंच द्या:

गेट-एसएमबीकनेक्शन

साध्या खिडकीत ही कमांड अ‍ॅक्सेस डिनाइड देते, म्हणून अ‍ॅडमिन. शिवाय फोल्डर आधी एक्सप्लोररमध्ये उघडलेला हवा, नाहीतर यादी रिकामी येईल आणि कमांड चालत नाही असं वाटेल.

यादीत नावांचे दोन कॉलम असतात आणि गोंधळ तिथेच होतो. 'यूजरनेम' म्हणजे या मशीनवर कोण बसलंय ते. 'क्रेडेन्शियल' म्हणजे सर्व्हरला कुठलं नाव दिलं ते. तुम्हाला दुसरा कॉलम हवाय. लोक पहिला वाचतात आणि 'बरोबर तर आहे' म्हणून सोडून देतात. 'डायलेक्ट' मध्ये एसएमबी या फाइल-शेअरिंग प्रोटोकॉलची आवृत्ती दिसते, सर्व्हर २०१९ असेल तर ३.१.१ दिसायला हवी. 'नमओपन्स' म्हणजे किती हँडल उघडी आहेत.

अ‍ॅडमिन हक्क नसतील तर साध्या पॉवरशेलमध्ये:

गेट-सीआयएमइन्स्टन्स विन३२_नेटवर्ककनेक्शन | सिलेक्ट लोकलनेम, रिमोटनेम, यूजरनेम

हे फक्त चालू लॉगिनच्या जोडण्या दाखवतं, तेवढं पुरतं. जुन्या लेखांत 'डब्ल्यूएमआयसी नेटयूज' सापडेल. माहिती हीच, पण डब्ल्यूएमआयसी आता काढून टाकत आणलंय, नव्या विंडोज ११ वर ते असेलच असं नाही.

कायमच्या मॅप केलेल्या ड्राइव्हसाठी रजिस्ट्रीत एचकेसीयू (चालू यूजरचा भाग) खाली 'नेटवर्क' नावाची की असते. तिच्यात प्रत्येक ड्राइव्हच्या अक्षराची एक की आणि त्यात 'यूजरनेम' व्हॅल्यू. ड्राइव्ह जोडताना वेगळं नाव दिलं असेल तरच तिथे नाव असतं. रिकामं असेल तर वेगळं अकाउंट सांगितलेलं नाही, एवढाच अर्थ काढा.

---

शिडी

क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, जे असेल ते डिलीट करा, रिस्टार्ट करा. काम झालं.

---

रात्रपाळी

@शिडी, त्यांनी लिहिलंय की तिथे नोंदच नाही. आणि नोंद नाही म्हणजे दुसरं अकाउंट वापरलं जात नाही असंही नाही. क्रेडेन्शियल मॅनेजर फक्त साठवलेली नावं दाखवतो. जोडताना 'रिमेंबर माय क्रेडेन्शियल्स' वर टिक केली नसेल तर नाव-पासवर्ड त्या लॉगिन सेशनपुरता मेमरीत राहतो, लॉगऑफपर्यंत वापरला जातो आणि मॅनेजरमध्ये कधीच दिसत नाही.

इथे लॉगऑफनंतरही तेच होतंय, म्हणून हेही कारण नाही. विंडोज अकाउंट कुठल्या क्रमाने निवडतं ते बघू:

१. तुम्ही स्वतः /यूजर देऊन नाव सांगितलं असेल तर ते.
२. त्या सर्व्हरशी या सेशनमध्ये आधीच जोडणी असेल तर तिचंच नाव.
३. क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये त्या सर्व्हरच्या नावाची नोंद असेल तर ती.
४. काहीच नसेल तर ज्या नावाने मशीनवर लॉगिन केलंय ते नाव आणि तोच पासवर्ड, न विचारता.

पासवर्डची खिडकी येते ती चौथी पायरी फसल्यावर. तुमच्याकडे ती येतच नाही, म्हणजे चौथी पायरी यशस्वी होत असणार. वर्कग्रुपमध्ये हे एकाच परिस्थितीत नीट जमतं: सर्व्हरवरही 'ऑफिस' नावाचं लोकल अकाउंट आहे आणि पासवर्ड जुळतो. दुसरी शक्यता म्हणजे सर्व्हरवर गेस्ट अकाउंट चालू आहे. 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद केलं की ते चालू होतं आणि मग अनोळखी नावाला सर्व्हर गुपचूप गेस्ट म्हणून आत घेतो.

दोन्हींतला फरक क्लायंटवर बसून कळणार नाही. क्लायंट फक्त 'मी हे नाव दिलं' एवढं सांगू शकतो. त्या नावाचं सर्व्हरने काय केलं ते सर्व्हरलाच विचारावं लागतं.

भांडारवर अ‍ॅडमिन पॉवरशेलमध्ये:

गेट-एसएमबीसेशन | सिलेक्ट सेशनआयडी, क्लायंटकॉम्प्यूटरनेम, क्लायंटयूजरनेम, नमओपन्स

क्लायंटकॉम्प्यूटरनेममध्ये बहुतेक वेळा आयपी दिसतो, पीसी७ चा आयपी हाताशी ठेवा. कुठली फाइल कोणाच्या नावाने उघडी आहे ते 'गेट-एसएमबीओपनफाइल' मध्ये मिळेल. माउसने बघायचं असेल तर कॉम्प्यूटर मॅनेजमेंट, शेअर्ड फोल्डर्स, सेशन्स.

पक्का पुरावा हवा असेल तर सर्व्हरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये इव्हेंट ४६२४ शोधा, लॉगऑन टाइप ३, सोर्स अ‍ॅड्रेस पीसी७ चा. त्यातला 'न्यू लॉगऑन' हा भाग वाचा. वरच्या 'सब्जेक्ट' मध्ये या प्रकाराला काही कामाचं नसतं. 'न्यू लॉगऑन' मधला सिक्युरिटी आयडी सर्व्हरवरच्या ज्या अकाउंटचा असेल, परवानग्या त्या अकाउंटच्या लागतात. अकाउंट जुळलंच नसेल तर ४६२५ येतो आणि त्याचा सबस्टेटस कारण सांगतो: ०एक्ससी०००००६ए म्हणजे नाव बरोबर पण पासवर्ड चूक, ०एक्ससी०००००६४ म्हणजे त्या नावाचं अकाउंटच नाही, ०एक्ससी००००२३४ म्हणजे अकाउंट लॉक झालंय.

क्लायंटच्या सिक्युरिटी लॉगमध्येही ४६४८ शोधून ठेवा. कुणी किंवा कुठल्या प्रोग्रॅमने वेगळं नाव-पासवर्ड देऊन जोडायचा प्रयत्न केला तर तो तिथे येतो. कुणाचे क्रेडेन्शियल वापरले, कुठल्या सर्व्हरसाठी, कुठल्या प्रोसेसने, हे सगळं एका जागी. लॉगऑन स्क्रिप्टमध्ये कुणी जुना 'नेट यूज' ठेवून दिलेला असतो, तो असाच सापडतो.

---

निळी_वायर

क्लायंटवर असं आलं:

सर्व्हरनेम: भांडार
शेअरनेम: हिशोब
यूजरनेम: पीसी७\ऑफिस
क्रेडेन्शियल: पीसी७\ऑफिस
डायलेक्ट: ३.१.१
नमओपन्स: ४

सर्व्हरवर ४६२४ मध्ये न्यू लॉगऑनखाली ऑफिस, ऑथेंटिकेशन पॅकेज एनटीएलएम (पासवर्डवरून ओळख तपासायची जुनी पद्धत). सर्व्हरवर 'ऑफिस' नावाचं लोकल अकाउंट खरंच आहे आणि ते वाचक ग्रुपमध्ये आहे. गेस्ट बंद आहे.

म्हणजे चौथी पायरी. आता सर्व्हरवरचं ऑफिस न उडवता पीसी७ वरून हिशोब कायम लेखापालनेच उघडावा, असं कसं करायचं? १२१९ अजून येतेच.

---

रात्रपाळी

पीसी७ च्या ऑफिसचा भांडारवरच्या ऑफिसशी एरवी काही संबंध नाही, दोघांचे सिक्युरिटी आयडीही वेगळे. नाव आणि पासवर्ड जुळला, एवढंच. पुढे कधी एका बाजूचा पासवर्ड बदलला तर हीच जोडणी चुकीचे पासवर्ड देत राहते, आणि सर्व्हरवर लॉकआउट पॉलिसी असेल तर ऑफिस लॉक होतं. म्हणून सर्व्हर आणि क्लायंटवर एकाच नावाची अकाउंट ठेवायची पद्धत मला पसंत नाही. पण तो निर्णय तुमचा.

आता १२१९. एका लॉगिन सेशनमधून एका सर्व्हर-नावाला एकाच वेळी एकच अकाउंट चालतं. गेटवर एका नावाचा पास घेऊन आत गेलात की आतल्या सगळ्या खोल्यांना तोच पास, दुसऱ्या नावाचा हवा तर आधी बाहेर यावं लागतं. शेअर वेगळा असला तरी उपयोग नाही, अट सर्व्हरच्या नावावर आहे. म्हणून \\भांडार\आराखडे असा दुसरा शेअर जरी ऑफिसने उघडा असेल तरी हिशोब लेखापालने जोडता येत नाही.

त्यामुळे क्रम महत्त्वाचा.

आधी क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये नोंद करा. साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, अ‍ॅडमिनच्या नाही:

सीएमडीकी /अ‍ॅड:भांडार /यूजर:भांडार\लेखापाल /पास

/पास नंतर काही लिहू नका, पासवर्ड विचारला जाईल. कमांडमध्येच लिहिलात तर तो स्क्रीनवर आणि कुठल्यातरी बॅच फाइलमध्ये उघडा पडून राहतो. यूजरच्या आधी 'भांडार\' हवंच. '.\लेखापाल' लिहू नका, टिंब म्हणजे हेच मशीन, म्हणजे पीसी७. नुसतं 'लेखापाल' लिहिलं तरी बऱ्याचदा चालतं, पण मग नंतर नोंद वाचणाऱ्याला कळत नाही की हे कुठलं अकाउंट.

मग जुन्या जोडण्या तोडा. भांडारच्या फोल्डरच्या सगळ्या एक्सप्लोरर खिडक्या आणि त्यातल्या उघड्या फाइली बंद करा, आणि:

नेट यूज
नेट यूज झेड: /डिलीट
नेट यूज \\भांडार\आयपीसी$ /डिलीट

आयपीसी$ ही जोडणी लोक विसरतात. शेअरची यादी बघितली तरी ती तयार होते आणि १२१९ ला तेवढं पुरतं. दुसरं म्हणजे एक्सप्लोररमध्ये नुसता पाथ टाइप करून उघडलेली जोडणी 'नेट यूज' च्या यादीत दिसेलच असं नाही. यादी रिकामी आहे तरी १२१९ येते, ती यामुळे. तेव्हा परत गेट-एसएमबीकनेक्शन बघा, तिथे ती दिसते.

एक्सप्लोररच्या क्विक अ‍ॅक्सेसमध्ये भांडारचा फोल्डर पिन केलेला असेल तर तुम्ही तोडताय तोवर तो परत जोडतो. पिन काढा.

एवढं करूनही जोडणी बसूनच असेल तर लॉगऑफ. सीएमडीकीची नोंद आता तयार आहे, त्यामुळे पुढच्या लॉगिनला तिसऱ्या पायरीवरच लेखापाल मिळेल आणि चौथीपर्यंत गाडी जाणार नाही. लॉगऑफही नको असेल तर अ‍ॅडमिन पॉवरशेलमध्ये 'रिस्टार्ट-सर्व्हिस लॅनमॅनवर्कस्टेशन -फोर्स'. याने नेटवर्कवरच्या सगळ्याच उघड्या फाइली तुटतात आणि त्या सेवेवर अवलंबून असलेल्या सेवाही थांबतात, त्या परत चालू झाल्या का ते बघा. चालू कामाच्या वेळी हे करू नये.

शेवटी ड्राइव्ह:

नेट यूज झेड: \\भांडार\हिशोब /पर्सिस्टंट:येस

इथे /यूजर द्यायची गरज नाही. आणि जोडल्यावर परत क्रेडेन्शियल कॉलम बघा. फोल्डर उघडला म्हणजे झालं, असं समजू नका; तो ऑफिसनेही उघडतच होता.

---

पोर्ट_४४५

वरच्यात दोन भर.

'साध्या प्रॉम्प्टमध्ये' हे त्यांनी उगाच नाही लिहिलं. यूएसी (अ‍ॅडमिन कामाआधी परवानगी विचारणारी सोय) चालू असेल आणि लॉगिन अ‍ॅडमिन गटातलं असेल तर एकाच माणसाची दोन लॉगऑन सेशन असतात, साधं आणि एलिव्हेटेड. जोडण्या त्या त्या सेशनच्या. अ‍ॅडमिन खिडकीत 'नेट यूज * /डिलीट' दिलंत तर एक्सप्लोररच्या जोडण्यांना धक्काही लागत नाही, आणि साध्या खिडकीत मॅप केलेला झेड अ‍ॅडमिन खिडकीत दिसत नाही. दोन्हीकडे एकच हवं असेल तर रजिस्ट्रीत एचकेएलएम, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, पॉलिसीज, सिस्टम इथे 'एनेबललिंक्डकनेक्शन्स' नावाची डीवर्ड १ करून मशीन रिस्टार्ट करतात. निव्वळ तपासण्यासाठी हे करू नका.

दुसरं, नोंद नावाला चिकटलेली असते. सीएमडीकीमध्ये 'भांडार' दिलं आणि शॉर्टकट आयपीने असेल तर नोंद लागू होत नाही, परत चौथी पायरी. शॉर्टकट, ड्राइव्ह आणि नोंद, तिन्हीकडे नाव एकच ठेवा. क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये 'टर्मएसआरव्ही/भांडार' अशी नोंद दिसली तर ती रिमोट डेस्कटॉपची, शेअर्ड फोल्डरशी तिचा संबंध नाही.

हाच गुण उलटाही वापरता येतो. \\भांडार\हिशोब एका अकाउंटने आणि \\आयपी\हिशोब दुसऱ्याने, असं एकाच वेळी जोडलं तर १२१९ येत नाही, कारण क्लायंटच्या लेखी हे दोन सर्व्हर आहेत. लेखापालला खरंच लिहिता येतं का हे दोन मिनिटांत बघायला ठीक. कायमची व्यवस्था म्हणून नको, सर्व्हरचा आयपी बदलला की सगळं बंद. डोमेनमध्ये तर आयपीने गेलं की केर्बेरॉस (तिकिटांवर चालणारी ओळख-तपासणी) सुटतं आणि एनटीएलएमवर काम येतं.

डोमेनवाल्यांसाठी: 'केलिस्ट' द्या. 'सीआयएफएस/सर्व्हरनाव' असं तिकीट दिसलं तर त्यातल्या 'क्लायंट' ओळीत ज्याचं नाव, त्याच्या नावाने केर्बेरॉस झालंय. तिकीट नसेल आणि फोल्डर उघडत असेल तर एनटीएलएम समजा.

---

शिडी

सर्व्हरवरून क्लोज-एसएमबीसेशन करून पीसी७ ला बाहेर काढलं तर? मग क्लायंटला नवीन नाव द्यावंच लागेल ना?

---

रात्रपाळी

नाही. क्लायंटकडे नाव-पासवर्ड सेशनमध्ये असतोच, तो लगेच त्याच नावाने परत जोडतो, आणि वापरणाऱ्याला कळतही नाही. अकाउंट बदलायला सर्व्हरवरून सेशन तोडण्याचा उपयोग नाही.

उपयोग वेगळ्या ठिकाणी आहे. लेखापालला नव्या ग्रुपमध्ये टाकलंत आणि तरी लिहिता येत नसेल, तर कारण असं की ग्रुपची यादी सेशन सुरू होताना ठरते. चालू सेशनला नवा ग्रुप माहीत नसतो. तेव्हा क्लोज-एसएमबीसेशन करा, परत जोडताना नवी यादी लागते. केर्बेरॉस असेल तर ग्रुप तिकिटातच असतात, म्हणून क्लायंटवर 'केलिस्ट पर्ज' किंवा सरळ लॉगऑफ.

आणि हो, अकाउंट बरोबर दिसूनही लिहिता येत नसेल तर शेअरची परवानगी आणि एनटीएफएसची (डिस्कवरच्या फोल्डरची) परवानगी दोन्ही बघा. दोन्हींत जी कमी, ती लागते. फोल्डरच्या अ‍ॅडव्हान्स्ड सिक्युरिटीमध्ये 'इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस' टॅब आहे, तिथे लेखापाल निवडून बघता येतं.

---

टास्कशेड्यूलर_आजोबा

रोबोकॉपीच्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही.

टास्क कुठल्या अकाउंटने सर्व्हरकडे जातो ते टास्कच्या 'जनरल' टॅबवर ठरतं.

'रन ओन्ली व्हेन यूजर इज लॉग्ड ऑन': टास्क त्या यूजरच्या चालू लॉगिनमध्ये चालतो. वर दिलेल्या चार पायऱ्या इथे जशाच्या तशा.

'रन व्हेदर यूजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट', पासवर्ड साठवलेला: टास्कसाठी वेगळं सेशन तयार होतं. त्यात झेड वगैरे ड्राइव्ह नसतात. रोबोकॉपीला झेड:\ दिलं असेल तर पाथ सापडत नाही म्हणून पडतो. नेहमी \\भांडार\हिशोब असा पूर्ण पाथ द्या.

तोच पर्याय पण 'डू नॉट स्टोअर पासवर्ड' वर टिक: विंडोजकडे सर्व्हरला द्यायला पासवर्डच नाही. टास्क फक्त लोकल फाइलींना हात लावू शकतो. त्या टिकच्या शेजारीच बारीक अक्षरांत हे लिहिलेलं असतं, वाचतं कोण.

'सिस्टम' अकाउंट: नेटवर्कवर ते मशीनच्या नावाने जातं. डोमेनमध्ये पीसी७$ असं कॉम्प्यूटर अकाउंट असतं, त्याला शेअरवर परवानगी देता येते. तुमच्या वर्कग्रुपमध्ये भांडारला ते नाव माहीतच नाही, म्हणून अ‍ॅक्सेस डिनाइड. 'नेटवर्क सर्व्हिस' चंही तसंच. 'लोकल सर्व्हिस' तर निनावी जातं.

तुमच्यासाठी सोपं म्हणजे टास्क पीसी७\ऑफिसने, पासवर्ड साठवून चालवा. मग तो भांडारकडे लेखापाल म्हणून जायला हवा असेल तर स्क्रिप्टच्या आधी सीएमडीकीची नोंद ऑफिसच्याच प्रोफाइलमध्ये असायला हवी, दुसऱ्या यूजरच्या लॉगिनमध्ये केलेली नोंद इथे चालत नाही. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळींत 'हूअ‍ॅमआय' आणि 'सीएमडीकी /लिस्ट' चं आउटपुट एका टेक्स्ट फाइलमध्ये टाका. रात्री काय झालं याचा अंदाज बांधत बसावं लागत नाही.

सिस्टम म्हणून काय दिसतं ते हातानं बघायचं असेल तर सिसइंटर्नल्सचं पीएसएक्झेक: 'पीएसएक्झेक -एस -आय सीएमडी'. उघडलेल्या खिडकीत हूअ‍ॅमआयने खात्री करा आणि मग शेअरचा पाथ डीआयआरने बघा.

लॉगमध्ये जे आकडे सापडतील त्यांचे अर्थ:

५: आत शिरला, पण परवानगी नाही. अकाउंट तपासा.
५३: सर्व्हरपर्यंत पोचलाच नाही. नाव, फायरवॉल, पोर्ट ४४५. अकाउंटचा संबंध नाही.
६७: सर्व्हर सापडला, शेअरचं नाव चूक.
८६ आणि १३२६: नाव किंवा पासवर्ड चूक.
१३२७: अकाउंटवर बंधन. बहुतेक वेळा पासवर्ड रिकामा असतो, आणि विंडोज रिकाम्या पासवर्डचं लोकल अकाउंट नेटवर्कवरून घेत नाही.
१३३१: अकाउंट बंद केलेलं. १९०९: लॉक झालेलं.
१३१२: क्रेडेन्शियल साठवायला किंवा वाचायला त्या सेशनला मुभा नाही. 'डू नॉट स्टोअर पासवर्ड' बघा, आणि सिक्युरिटी पॉलिसीत नेटवर्कचे पासवर्ड साठवायला मनाई केलीय का तेही.

---

सांबावाला

लिनक्स आणि नॅस.

लिनक्स मशीन क्लायंट असेल तर:

फाइंडमाउंट -टी सीआयएफएस

ऑप्शनच्या रांगेत 'यूजरनेम=' दिसेल, सर्व्हरकडे दिलेलं नाव ते. त्याच रांगेत 'यूआयडी=' असतं, त्याच्याशी गल्लत करू नका. यूआयडी फक्त या मशीनवर फाइली कुणाच्या मालकीच्या दाखवायच्या ते ठरवतं. एलएस -एल मध्ये मालक 'रूट' दिसला म्हणून सर्व्हरवर रूटने जोडलंय असं होत नाही. माउंट झाल्यावर त्या मशीनवरचे सगळे यूजर त्याच एका अकाउंटने सर्व्हरकडे जातात, 'मल्टीयूजर' ऑप्शन दिला नसेल तर. नाव-पासवर्ड एफएसटॅबमध्ये (माउंटची यादी असलेली फाइल) न लिहिता वेगळ्या क्रेडेन्शियल फाइलीत, परवानगी ६००.

मॅक असेल तर टर्मिनलमध्ये नुसतं 'माउंट' द्या. एसएमबीएफएसच्या ओळीत //नाव@सर्व्हर/शेअर असं येतं, @ च्या आधीचं नाव सर्व्हरकडचं. ओळीच्या शेवटी 'माउंटेड बाय' पुढे असतं ते मॅकवरचं लोकल नाव.

नॅस आतून बहुधा सांबाच (लिनक्सवरचा फाइल-शेअरिंग सर्व्हर) चालवतो. त्यावर एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून कमांड द्यायची सोय) जाता येत असेल तर रूटने:

एसएमबीस्टेटस

वरच्या तक्त्यात यूजरनेम, ग्रुप, मशीन आणि प्रोटोकॉल. शेअरप्रमाणे हवं तर -एस, उघड्या फाइली हव्या तर -एल. एसएसएच नसेल तर नॅसच्या वेब पानावर चालू जोडण्यांची यादी कुठेतरी असतेच.

यूजरनेमच्या जागी 'नोबडी' दिसलं तर तुम्ही गेस्ट आहात. याचं नेहमीचं कारण एसएमबी.कॉन्फमधली ही ओळ:

मॅप टू गेस्ट = बॅड यूजर

अर्थ: सर्व्हरला नाव माहीत नसेल तर एरर देऊ नको, गेस्ट म्हणून आत घे. म्हणजे 'लेखापाल' ऐवजी 'लेखपाल' टाइप झालं तरी फोल्डर उघडतो, फाइली दिसतात, लिहिता मात्र येत नाही. नाव बरोबर आणि पासवर्ड चूक असेल तर नकारच मिळतो. त्यामुळे लोक पासवर्ड तपासत बसतात आणि नावातली काना-मात्रा कुणी बघत नाही. 'टेस्टपार्म -एस' ने चालू सेटिंग बघा, 'पीडीबीएडिट -एल' ने सांबाला माहीत असलेली नावं बघा. लिनक्सवर यूजर असणं पुरेसं नाही, तो या यादीतही हवा.

शेअरवर 'फोर्स यूजर' असेल तर आणखी एक फसवणूक: जोडणारा लेखापाल असला तरी फाइलीचा मालक तिसराच दिसतो. फाइल करून मालक बघायची युक्ती विंडोजवर चालते, इथे नाही.

विंडोज ११ प्रोमध्ये २४एच२ पासून एसएमबी साइनिंग (संदेशांवर डिजिटल सही) डीफॉल्टनेच सक्तीचं झालंय, आणि गेस्ट जोडणी साइन करता येत नाही. अपडेटनंतर नॅस अचानक उघडेनासा झाला तर बऱ्याचदा इतके दिवस तो गेस्टनेच उघडत होता, हे कारण निघतं. उपाय साइनिंग बंद करणं नव्हे, नॅसवर खरं अकाउंट करून तेच नाव सीएमडीकीत टाकणं.

---

निळी_वायर

सीएमडीकीची नोंद, आयपीसी$ तोडलं, क्विक अ‍ॅक्सेसमधली पिन काढली. आता क्रेडेन्शियल कॉलममध्ये भांडार\लेखापाल आणि हिशोबमध्ये लिहिता येतंय. टास्कवर 'डू नॉट स्टोअर पासवर्ड' ची टिक होती, ती काढलीय. नॅसच्या एसएमबीस्टेटसमध्ये दोन मशीन नोबडी दिसतात, तिथे अकाउंट करतोय.

एकच राहिलं: आता \\भांडार\आराखडे पण लेखापालने उघडतो आणि तिथे लेखापालला परवानगी नाही. तो ऑफिसनेच उघडायला हवा होता.

---

रात्रपाळी

तेच होणार, एका सर्व्हर-नावाला एकच अकाउंट. आराखडेवर लेखापालला रीड द्या, शेअरवर आणि एनटीएफएसवर, दोन्हीकडे. चालू सेशनमध्येही लगेच लागू होईल, कारण इथे ग्रुप बदलत नाही, फोल्डरची परवानगी बदलतेय. फक्त ती परवानगी लेखापालला थेट द्या. वाचक ग्रुपमध्ये त्याला टाकून दिलीत तर क्लोज-एसएमबीसेशन करावं लागेल.